पडद्याचा टांगा

विठाबाईला सुनेबद्दल तक्रारी पुष्कळ होत्या. भाकरी जाड थापते, मळ्यात गेली की तिकडंच रमते, हसताना तोंडावर पदर घेत नाही. पण खरी तक्रार एकच, बाळाबाई परक्या माणसांशी बोलते. बुधवारी संध्याकाळी तर तिनं हद्द केली. कोडोलीच्या चावडीपुढं मुक्कामाची येष्टी येऊन थांबली, तशी ही पाण्याची घागर कडेवर घेऊन सरळ कंडक्टरपुढं जाऊन उभी राहिली. सकाळची गाडी कोल्हापुरात कधी पोचते, दीडची रेल्वे गावते का, परतीची शेवटची कितीला, सगळं अख्ख्या गावादेखत विचारून आली.

"पाटलाची सून हाईस का बाजारातली दलालीण?" विठाबाईनं तिला उंबऱ्यातच धरलं. "घरात पिराजीभावजी हाईत की. त्येंनी इचारलं असतं."

"दोन दिस झालं सांगून, आत्याबाई. त्येंनी इचारलं न्हाई." बाळाबाईनं घागर उतरवली. "साडेधाला पोचती. ष्टँडापासनं ठेसन चार पावलांवर हाय म्हणं."

"ठेसनाचं मला कशाला सांगतीस? मी अंबाबाईला निघालीया."

हे सगळ्या घराला माहीत होतं आणि घरातल्या एकालाही खरं वाटत नव्हतं.

गोष्ट अशी होती. विठाबाईचा एकुलता एक मुलगा गुंडू, बाळाबाईचा नवरा, घरची बारा एकर काळी सोडून लष्करात जायचं म्हणून हटून बसला होता. म्हातारी चार दिवस बोलली, चार दिवस अबोला धरला. तरी तो निघाला तेव्हा ती दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "जातोस तर जा. पण परत ह्या घरात पाय ठेवायचा न्हाय. मला लेक न्हवताच असं समजीन." गुंडू तिला वळसा घालून गेला. त्याला आता तीन आठवडे झाले होते. सोमवारी कार्ड आलं. कार्ड पिराजीच्या नावानं होतं. पिराजी म्हणजे विठाबाईच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, त्यांच्याच घरात लहानाचा थोर झालेला. विठाबाई मुलींच्या शाळेत दोन इयत्ता गेली होती, तेवढ्यावर तिनं कार्ड हातात घेऊन अक्षराला अक्षर लावत स्वतः वाचलं. गुरुवारी दुपारी दीडच्या गाडीनं आम्हास कोल्हापुराहून बेळगावास नेणार, तिथून पुढं कुठं ते सांगता येत नाही, सर्वांस नमस्कार. आईला वेगळा नमस्कार नव्हता.

कार्ड तिनं कोनाड्यात ठेवलं, ज्वारी निवडायला बसली आणि सूप निम्मं झाल्यावर म्हणाली, "अंबाबाईची वटी भरायची राहिलीया. गुरवारी जाऊन येऊ."

बोललेला शब्द परत घ्यायचा होता आणि तो घ्यायला आपण चाललोय हे कुणाला दिसू द्यायचं नव्हतं. देवीचं नाव पुढं केलं की दोन्ही साधत होतं. फक्त एक अडचण झाली. देवीला म्हणून निघाल्यावर आधी देवीलाच जाणं भाग होतं.

"आदी ठेसन करू, आत्याबाई," बाळाबाई रात्रीच्या भाकरी करताना म्हणाली. "गाडी जाईल. देवी कुठं जात न्हाई. मग निवांत वटी भरू."

"देवी कुठं जात न्हाई म्हणून तिला थांबवायची व्हय? त्वांड धू आदी."

गुरुवारी सकाळी पिराजीला सोबत घेऊन दोघी निघाल्या. येष्टी वेळेवर सुटली. बायकांच्या बाकावर खालच्या आळीची अंबूबाई आधीच बसली होती. हिच्या कानात पडलेली गोष्ट दुपारपर्यंत वारणेच्या पलीकडं जायची. "समदी मिळून कुठं म्हणायचं?" तिनं विचारलं. "देवीला," विठाबाई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. पंचगंगेचा पूल ओलांडून गाडी गंगावेशीत शिरली, तशी ती उठली. देऊळ इथून जवळ होतं. बाळाबाई जागची हलली नाही. गाडी पुढं ष्टँडावर जाणार होती, ष्टँडापाशी ठेसन होतं आणि ठेसनावर तिचा नवरा होता. विठाबाईनं मागं वळून नुसतं बघितलं. तेव्हा ती उतरली.

देवळात त्या दिवशी कुणाचा तरी मोठा अभिषेक निघाला. दार लावलेलं, रांग मंडपाबाहेर गेलेली. बाळाबाई दर थोड्या वेळानं कुणाला तरी वेळ विचारत होती. फुलवालीला विचारलं, पुजाऱ्याला विचारलं, धोतर नेसलेल्या एका पोक्त गृहस्थालाही विचारलं.

"अकरा वाजून गेलं, आत्याबाई."

"मला इचारलंय का कुणी?"

"बारा वाजलं."

ओटीचा खण तिच्या हातात घामानं ओला झाला होता. दार उघडलं, ओटी भरली, पाया पडताना तिनं काय मागितलं ते तिचं तिलाच माहीत. महाद्वारातून बाहेर आली तेव्हा साडेबारा होत आले होते. ठेसन गावाच्या पार दुसऱ्या टोकाला.

दारातच तीन टांगे उभे होते. बाळाबाईनं पहिल्याच्या पायरीवर पाय ठेवला.

"खाली उतर," विठाबाई म्हणाली. "भावजी, पडद्याचा बघा."

गावात शेताभाताला जाताना पडदाबिडदा काही नव्हता. देवीला पायी जाण्यातही कमीपणा नव्हता. पण कोल्हापुरात टांग्यात बसायचं तर मागं पडदा पाहिजेच. सरदारांच्या बायका पडद्यानं जात, म्हणून कोडोलीची पाटलीणही पडद्यानंच जायची. तिच्या सासूनं तसं घालून दिलं होतं. उघड्या टांग्यात बसते ती भाजीवाली. टांगेवाल्याशी बोलायचं ते पुरुषानं, आणि पुरुष बसणार पुढं, टांगेवाल्याशेजारी.

पिराजी पडद्याचा टांगा शोधायला गेला. उघडे तिन्ही टांगे गिऱ्हाईक घेऊन निघून गेले. बाळाबाई ओठ घट्ट मिटून उभी होती, पायातल्या वहाणेनं दगड घासत. बऱ्याच वेळानं पिराजी एक खडखडता टांगा घेऊन आला. मागं विटका तांबडा पडदा होता आणि त्याला घोड्याच्या घामाचा वास येत होता. दोघी चढल्या, पडदा पडला. थोड्या वेळानं चाकं हलली, टांगा वळला, दगडावरून दोनचार धक्के बसले. विठाबाईनं सुस्कारा सोडला.

मग टांगा थांबला.

"बाजाराची गर्दी असंल," विठाबाई म्हणाली. पडद्यामागं अंधारल्यासारखं होतं आणि गदमदत होतं. बाहेरून बैलांच्या घुंगरांचा, कुणीतरी कुणाला हाक मारल्याचा आवाज येत होता. टांगा हलेना.

"धाकटं मामंजी," बाळाबाईनं आतून हळूच हाक मारली. उत्तर आलं नाही.

"गप बस. बायामाणसानं पडद्यातनं वरडू नये."

"गाडी जाईल, आत्याबाई."

"भावजी हाईत म्होरं. त्येस्नी कळतंय."

पुन्हा काही वेळ गेला. किती गेला ते पडद्याआड कळेना. विठाबाईनं मनातल्या मनात जप सुरू केला आणि सोडून दिला. तेवढ्यात तिच्या कानावर एक आवाज आला. सुर्र सुर्र, मग फुरफुर. तो तिनं जन्मभर गोठ्यात ऐकला होता. जनावर पाणी पीत होतं, आणि सावकाश पीत होतं.

बाळाबाईनंही ऐकलं. तिनं पडद्याला हात घातला.

"सोड त्यो," विठाबाई म्हणाली.

बाळाबाईनं पडदा पार कडीपासून ओढला. उन्हानं दोघींचे डोळे दिपले. समोर महाद्वार होतं, हाकेच्या अंतरावर. टांगा कोपऱ्यावरच्या दगडी हौदाला लागला होता, घोडा पाण्यात तोंड घालून होता आणि टांगेवाला हौदाच्या कडेला बसून बिडी ओढत होता. पुढची जागा रिकामी.

"मामंजी कुठं गेलं?" बाळाबाईनं खाली उडी टाकत विचारलं.

"त्ये व्हय? परसादाचा नारळ फुलवालीकडं राहिला म्हणून माघारी गेलं की. बाईंच्या कानावर घालू नगंस, लई बोलत्यात म्हणालं. शिपाई म्हणाला टांगा हलीव दारातनं, तर म्या हितं सावलीला घेतला." टांगेवाला उठला. "तुमी पण काय बोलला न्हाईसा. मला वाटलं, ठावं असंल."

पिराजी विठाबाईच्या तोंडाच्या भीतीनं गुपचूप उतरला होता. बायका बोलायच्या नाहीत म्हणून बोलल्या नव्हत्या. आणि टांगेवाला मालकाची वाट बघत होता.

"पावणं, किती वाजलं?"

"येकचा भोंगा झाला की मघाशीच."

"ठेसनाला घ्या. बेगीन. दीडची गाडी हाय." बाळाबाई पुढच्या जागेवर चढायला लागली.

टांगेवाल्यानं डोकं खाजवलं. एकदा त्या काटकुळ्या पोरीकडं बघितलं, एकदा मागं ऐसपैस बसलेल्या विठाबाईकडं. "तुमी बसून उपेग न्हाई ओ. मागं वजन जादा झालं, टांगा उलाळ हुतोय. बिंदू चौकाच्या म्होरं घोडं पळवायचं तर दांडी वर उचलंल. त्या आक्कांना म्होरं बसाया लागंल. न्हाईतर मालक येऊ द्या."

महाद्वाराच्या बाजूनं माणसांचा लोंढा येत होता. त्यात पिराजीचा फेटा कुठं दिसत नव्हता. बाळाबाई सासूकडं बघत उभी राहिली. विनवलं नाही, रडली नाही. तिच्या हाताची मूठ मात्र वळली होती.

विठाबाई पुढच्या त्या फळीकडं बघत राहिली. परक्या पुरुषाच्या खांद्याला खांदा लावून, भर पेठेत, सगळ्या जगानं बघावं अशी ती जागा. चाळीस वर्षांत ती अशी कधी बसली नव्हती. तिची सासू अशी बसण्याआधी पायी गेली असती. पण पायी जाऊन दीडची गाडी मिळणार नव्हती. आणि आज गाठली नाही, तर दारात उभं राहून बोललेला तो शब्द तसाच राहणार होता. गुंडू तो घेऊन कुठल्या मुलखात जाईल, कोण जाणे.

ती उतरली, पुढं आली आणि दोन्ही हातांनी दांडीला धरून वर चढली. टांगा करकरला.

"सरक तिकडं," ती टांगेवाल्याला म्हणाली. "आन घोडं पळीव. बघतोस काय?"

घोडा पळाला. पदर वाऱ्यानं मागं गेला, तो तिनं दोनदा सावरला आणि तिसऱ्यांदा सोडून दिला. दुकानांच्या फळ्यांवर बसलेली माणसं वळून बघत होती. लक्ष्मीपुरीच्या तोंडाशी, मिरच्यांच्या पोत्यापाशी अंबूबाई उभी होती, हातात पिशवी, तोंड उघडं. विठाबाईनं तिच्या डोळ्याला डोळा दिला आणि मान खाली घातली नाही. पुढच्या गल्लीत एक बैलगाडी आडवी आली. टांगेवाला थांबायला लागला, तर ही ओरडली, "ये बाबा, बाजूला घे गाडी. कुणाची वाट बघतोस?" गाडीवानानं मुकाट्यानं गाडी बाजूला घेतली.

ठेसनात शिरताना इंजिनाची शिट्टी झाली. दारातला रेल्वेचा माणूस फलाटाचं तिकीट म्हणत आडवा आला. विठाबाई त्याला बाजूला सारून गेली.

फलाटावर डब्यांना चिकटून माणसं. मागच्या दोन डब्यांत नुसती भरतीची पोरं, सगळी एकसारखी, डोकी भादरलेली, खाकी सदरे घातलेली. विठाबाईची नजर आताशा कमी झाली होती. ती एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत बघत चालली आणि तिला सगळेच गुंडू वाटायला लागले. एकही गुंडू नव्हता. गार्डनं हिरवा बावटा काढला.

बाळाबाई फलाटाच्या मधोमध उभी राहिली. तिनं छाती भरून श्वास घेतला आणि कंडक्टरसारखी खणखणीत आवाजात ओरडली, "गुंडू रामजी पाटील, कोडोली."

फलाट वळून बघायला लागला. एक म्हातारा हसला. नवऱ्याचं नाव, तेही बापासकट. शेवटून दुसऱ्या खिडकीतून एक भादरलेलं डोकं बाहेर आलं.

विठाबाई खिडकीपाशी पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. येष्टीत बसून जुळवलेलं एकही वाक्य आता आठवेना. हातात द्यायला काही नव्हतं, नारळ पिराजीकडं.

"आई, तू हितं कशी?" गुंडू म्हणाला.

"सुट्टी कवा देत्यात?"

"सा महिन्यानं म्हणत्यात."

"मग सुट्टीला घरी यायचं. मावशीकडं न्हाई, मित्राकडं न्हाई. आपल्या घरी. ऐकलंस का?"

गुंडूनं मान हलवली.

"मान हलवू नगं. त्वांडानं बोल."

"येतो, आई."

डब्याला हिसका बसला. विठाबाई खिडकीपासून बाजूला झाली, बाळाबाईला हाताला धरून पुढं ढकललं आणि स्वतः पाठ फिरवून माल तोलायच्या काट्याकडं बघत उभी राहिली. मागं बांगड्यांचा आवाज झाला, पावलं पळाल्याचा झाला, मग चाकांचा. तो कमी कमी होत गेला, तोपर्यंत ती वळली नाही.

फलाट मोकळा झाला तेव्हा पिराजी नारळ छातीशी धरून धापा टाकत आला. रेल्वेचा माणूसही त्याच्या मागोमाग आला, पण विठाबाईकडं बघून लांबच थांबला.

"वैनी, म्या नुसता नारळ आणाया..."

"तुमचं घरी बघते, भावजी."

बाळाबाई रुळांकडं तोंड करून उभी होती. चेहरा धुऊन निघाला होता, पदर खांद्यावर. आता काय ऐकावं लागणार ते तिला ठाऊक होतं. विठाबाई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. पिराजी, रेल्वेचा माणूस आणि दोन हमाल, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती बोलली.

"भर पेठेत पडदा फाडलास, टांगेवाल्याला पावणं म्हणालीस, आन फलाटावर नवऱ्याचं नाव दवंडीवाणी वरडलीस. गावात कुणी इचारलं, तर सांगायचं की माज्या सासूनं हुकूम दिला म्हणून केलं. मी बी त्येच सांगणार हाय. त्यात कमीजास्त बोललीस, तर गाठ माज्याशी हाय. आन आता जा, परतीची म्होरली येष्टी कितीला ते इचारून ये."