सातवं चाक बद्द

मित्रांनो, मी रेल्वेच्या यार्डातला एक जुना हातोडा आहे. खिळे ठोकणं माझं काम नव्हे. लांब दांडा, लहान डोकं. उभ्या गाडीची चाकं वाजवून पाहण्यासाठी मला घडवलं.

माझे धनी वयस्कर होते. यार्डात त्यांना ‘कानसेन’ म्हणत. मी चाकावर पडायचो, ते ऐकायचे. धड चाक ‘खण्ण’ वाजतं, आवाज हवेत रेंगाळतो. आत तडा असला की ते ‘बद्द’ वाजतं. फुटक्या मडक्यासारखा आवाज तिथल्या तिथे बसतो. बत्तीस वर्षांत आम्ही अकरा वेळा बद्द ऐकलं. अकराही वेळा तडा निघाला. तेव्हा शाबासकी मिळायची, मला तेलही मिळायचं.

एका दुपारी तिसऱ्या डब्याचं सातवं चाक बद्द वाजलं. कानसेनांनी फोन केला. कचेरीत बाई नवीन होत्या.

“सातवं चाक बद्द आहे, बाई.”

“बंद?”

“बंद नव्हे हो, बद्द!”

“काका, चाक बंद पडायला तो काय पंखा आहे?”

मागे हशा पिकला. वहीत लिहिलं गेलं: ‘सातवे चाक बंद.’

मेकॅनिक आला. त्यानं जॅक लावून चाक फिरवलं. ते गरगर फिरलं.

“बंद कुठंय? मस्त फिरतंय की!”

“अरे, ऐक तरी.” कानसेनांनी मला उचलून मारलं. बद्द.

“वाजलं की! अजून काय गाऊन दाखवायचं त्यानं?”

“आत तडा असणार.”

“दिसतोय का तुम्हाला? मलाही नाही. कागदावर बंद लिहिलंय, चाक बंद नाही. विषय संपला.”

मी मुठीत होतो. मला जे म्हणायचं होतं, ते म्हणून झालं होतं. गाडी सुटली.

पहिल्याच वळणावर चाक फुटलं. डबा रुळांवरून उतरला. चौदा जण जखमी झाले, एका बाईंचा पाय गेला. चौकशीच्या कागदात एक ओळ होती: ‘चाक बंद असल्याची तक्रार आली होती, ती खोटी ठरली.’ कानसेनांनी ती दोनदा वाचली आणि मला खुंटीवर टांगलं. त्यानंतर ते यार्डात आले नाहीत.

आता मला गंज चढतो आहे. त्याचं फारसं वाटत नाही. पण खिडकीतून गाड्या जाताना ऐकू येतात, आणि एखादं चाक जरा वेगळं वाजतं. मित्रांनो, मला जपू नका, तो शब्द जपा. मडकं घेताना टिचकी मारा आणि ते बद्द वाजलं तर बद्दच म्हणा. कुणी बद्द म्हणालं आणि नीट कळलं नाही, तर ‘काय?’ असं पुन्हा एकदा विचारा.

मी फक्त वाजू शकतो.