धुण्याच्या दगडावरचा चंद्र

१९७० च्या जुलैत माणूस चंद्रावर उतरल्याला वर्ष होणार होतं. आमचं गाव धामणगाव बढेपासून तीन मैल आत. मी गावातल्याच शाळेत चौथीला शिकवतो, तेव्हाही शिकवायचो. आदल्या वर्षी पंचायतीच्या रेडिओवर ती बातमी ऐकली होती आणि दुसऱ्या दिवशी गणिताचा तास सोडून वर्गात तीच सांगितली होती. म्हणून सरपंच उकंडरावांना मी सहज म्हणालो, "गावात याची काहीतरी आठवण ठेवू."

आठवण म्हटलं की उकंडरावांना ती स्वतःचीच वाटे. आठवड्यात त्यांनी चावडीपुढे ओटा बांधून घेतला आणि दगडावर कोरायचा मजकूर मला लिहायला सांगितला. मी चंद्राकडे गेलेल्या तिघांची नावं घातली होती. त्यांनी ती खोडली.

"ते काय आपले मतदार हायेत, गुरुजी?"

शेवटी उरलं ते असं : 'सरपंच श्री. उकंडराव यांच्या कारकिर्दीत मानवाने चंद्रावर पाऊल ठेवले.'

तसं पाहिलं तर यात खोटं काहीच नव्हतं. मी मजकूर तसाच लिहून दिला.

कोरायचं काम कादरभाईंकडे आलं. ते घरोघरच्या घासलेल्या जात्यांना छिन्नीनं टाकी लावत. "अक्षर मले वाचता येत नाई, पाटील," ते उकंडरावांना म्हणाले, "पण गुरुजी खडूनं काढून देतीन तं ठोकतो. दगड मात्र चांगला पाह्यजे."

चांगला दगड गावात एकच होता. नदीकाठचा, काळा, दारभर रुंद. दोन पिढ्यांच्या बायकांनी त्यावर कपडे आपटून आपटून त्याला आरसा करून ठेवलं होतं. उकंडरावांनी भरदुपारी बैलगाडी पाठवून तो उचलून आणला. चार दिवसांत अक्षरं झाली, दगड ओट्यावर आडवा बसला.

पाचव्या दिवशी बायका चावडीवर आल्या. पुढे तानुबाई. ती उकंडरावांची चुलती, त्यामुळे भीड कसली ती नाही.

"उकंडा, आमचा दगड दे."

"काकू, नदीत दगडायची काय कमी हाये?"

"गावात बायकायची बी कमी नाई. मंग तू एकीशीच लगन काऊन केलं?"

बाजूला हत्यारं आवरणाऱ्या कादरभाईंनी हसू लपवायला तोंड फिरवलं. उकंडराव म्हणाले, "हे देशाचं काम हाये. गुरुजी, समजावा यायले."

मी समजावायला लागलो. दोन माणसं चंद्रावर उतरली, तिसरा वर यानात फिरत राहिला, धूळ आणि दगड घेऊन सगळे सुखरूप परत आले. बायका मन लावून ऐकत होत्या. तानुबाईनं विचारलं, "किती दिस लागले?"

"जाऊन येऊन आठ."

"तिथं पाणी हाये?"

"नाही."

"मंग कपडे कोठी धुतले?"

"धुतले नाहीत."

तानुबाईनं मागे वळून बायकांकडे पाहिलं. "आठ दिस कपडे न धुणाऱ्यायसाठी आमचा धुण्याचा दगड उपटला."

खरं सांगायचं तर वर्षभर जपलेला माझा चंद्र त्या क्षणी जरा मळकट दिसायला लागला.

एकवीस तारखेला सकाळी दहाला तालुक्याहून पाहुणे यायचे होते. नऊलाच बायका बादल्या, कपडे बडवायच्या मोगऱ्या आणि घरोघरची धुणी घेऊन ओट्यावर आल्या आणि धुवायला बसल्या. उकंडराव ओरडले, मग विनवायला लागले. तानुबाई म्हणाली, "एवढं लुगडं पिळतो अन् उठतो." तिनं साबण लावलेलं हिरवं लुगडं दगडभर पसरलं. तेवढ्यात जीप आली, तशा बायका उठून ओट्याखाली उतरल्या.

पाहुण्यांना पुढे आणखी तीन उद्घाटनं होती. ते घाईनं उतरले, ओट्यावर कापडाखाली झाकलेला दगड पाहिला, आणि कुणी काही बोलायच्या आत दोन्ही हातांनी लुगडं उचलून बाजूला केलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. साबणाचं पाणी पाहुण्यांच्या कोपरांवरून धोतरात उतरत होतं. लुगडं ठेवावं कुठे हे न कळून त्यांनी ते हातात धरूनच भाषण केलं. विज्ञान, शेतकरी आणि खत यावर वीस मिनिटं. शेवटी तानुबाई पुढे झाली आणि म्हणाली, "द्या जी इकडं. सुकाले टाकाचं हाये."

"हा पडदा तुमच्या महिला मंडळाचा का?" पाहुण्यांनी विचारलं.

"नाई. माह्या अंगावरचा."

त्यांनी हात झटकन सोडले. उकंडराव आभार मानायला उभे राहिले आणि तसेच खाली बसले.

जीप गेल्यावर त्यांनी स्वतःच गाडी जुंपायला सांगितली. दगड नदीवर गेला. कादरभाई म्हणाले, "अक्षरं खाली करून बसवू काय?" पण बायकांनी हात फिरवून पाहिला आणि अक्षरं वरच ठेवायला लावली. कॉलरचा मळ त्यावर चांगला निघतो, असं दुसऱ्याच दिवशी त्यांच्या ध्यानात आलं. उकंडराव पुढे बरेच महिने नदीची वाट टाळून वळसा घालून शेतात जात.

मी मात्र दर वर्षी एकवीस जुलैला चौथीची पोरं नदीवर नेऊ लागलो. बायका कपडे बाजूला सारतात. मी पोरांना त्या तिघांची नावं सांगतो, दगडावर नसलेली, आणि पोरं ती मोठ्यानं म्हणतात. पहिल्या वर्षी तानुबाईनंही पुटपुटून पाहिली. एकही तिच्या जिभेवर बसेना.

"अशी कशी नावं ठेवता व माय," ती म्हणाली, आणि मोगरी उचलली. "झालं असंन तं सरका, गुरुजी."