घागरवालीच्या डोळ्यातला वाळा

बर्डीवरच्या घागरवालीले पाहाले त्या दिवशी एवढी गर्दी होती का माह्या सायकलचं चाक सरकाले जागा नव्हती. सिमेंटची बाई, दोन माणसं उंच, डोक्यावर घागर. गावाकडचे लोक नागपुरात आले का तिच्यासमोर फोटो काढल्याशिवाय वापस जात नव्हते. आता थे बाई रडून राहिली होती. अठ्ठ्याहत्तरचा मे महिना, रस्त्याचं डांबर चपलेले चिकटून राहिलं, अन् सिमेंटच्या डोळ्यातून टपटप थंडगार पाणी!

"आई रडली! आई रडली!"

पायथ्याशी तट्ट्याचा मांडव. मांडवाच्या तोंडाशी भगवी लुंगी गुंडाळलेला एक गोलमटोल माणूस. लोकं त्याले अश्रूबाबा म्हणत.

"माता जगाच्या दुःखानं रडते!" बाबा ओरडला. "मोतीबिंदू, काचबिंदू, फूल, पडदा, सब साफ! डॉक्टरची दवाई आजपासून बंद, नाई तर माता कोपते! चश्मे इथंच सोडा!"

चश्म्याईचा गुडघाभर ढीग पडला होता. बाबा तांब्याच्या पळीत आसवं धरे अन् डोळ्यात ओते. एकाच पळीनं सगळ्याईच्या. एका म्हाताऱ्याच्या डोळ्यातला पिवळा चिपड पळीले चिकटला, तो तसाच पुढच्या बाईच्या डोळ्यात गेला. अन् लोकं म्हणत, "वास घ्या, वास! कसा स्वर्गाचा सुगंध!"

मी वास घेतला. मी लहानू, उन्हाळाभर लोकाईच्या कूलरच्या जाळीत वाळा बांधतो. माह्या नाकाले स्वर्ग मालूम नाई, पण वाळा मालूम हाये. अन् हा वाळा सडेल होता. वास घराघरात तोच, पण मांडवात आला का लोकाईचं नाक भक्त होते.

तेवढ्यात रांगेत माही मोठी बहीण दिसली. सिंधूताई, मौद्याले दिलेली. आठ दिवसापयले मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यावरची हिरवी पट्टी तिनं कपाळावर सरकवली होती. डोळा टमाट्यासारखा लाल.

"ताई! तू इथं कायले?"

"तिसरा दिवस हाये गा माहा. आज उतारा पडते म्हणते बाबा."

"अन् डॉक्टरीणबाईचे थेंब?"

"फेकले. माता कोपते ना."

"अवं, थे कूलरचं पाणी हाये!"

"चूप बस लहानू! जनमभर लोकाईच्या मस्कऱ्या केल्या, आता देवाची करून राहिला? माह्या लग्नात तूच नवरदेवाच्या जोड्यात बेडूक टाकला होता. तुह्यावर कोण भरवसा ठेवंन?"

खरंच होतं. बेडूक मीच टाकला होता. बहिणीचा डोळा जाऊन राहिला अन् माह्या तोंडाले किंमत नाई. मंग तोंड बंद ठेवलं अन् डोकं चालवलं.

एक गोष्ट जुन्या लोकाईले आठवाले पाहिजे होती. हे बाई पयले कारंजं होती. पायातून नळी वर जाये अन् घागरीतून पाणी पडे. एकदा मीच त्यात साबणाचा चुरा टाकला होता, दोन दिवस बाई फेस गाळत होती. मंग कारंजं बंद पडलं अन् लोकं इसरले. दुसरी गोष्ट, मंगळवारी लाईट गेली तर आईचं रडणं बंद. बाबा म्हणे आई थकली. लाईट आली, आईचा थकवा गेला.

मी दुकानातून साबणाच्या चुऱ्याचा पुडा घेतला, खांद्यावर वाळ्याचा गठ्ठा टाकला अन् मांडवाच्या मागून सरळ आत शिरलो. चेल्यानं इचारलं, "कोण बे?"

"कूलरवाला. वाळा बदलाचा हाये."

"लवकर बदल, लय वास मारून राहिला."

मे महिन्यात नागपुरात कूलरवाल्याले कोणी अडवत नाई. पडद्याआड भलामोठा कूलर होता. पंपाले दोन नळ्या. एक जाळीवर, दुसरी जमिनीखालून बाईच्या पायाकडे. पुडा टाकीत उलटा केला अन् रांगेत ताईच्या पुढं येऊन घुसलो.

पाचच मिनिटात घागरवालीच्या डोळ्यातून पांढरा फेस फुगला.

"दूध!" बाबा नाचला. "माता प्रसन्न! दुधाच्या धारा!"

लोकं पाया पडले. बाबानं पळी भरली, ताईकडे वळला. मी मधात आडवा झालो अन् हात जोडले.

"महाराज, पयलं दूध तुमी घ्या. आमी पापी लोकं, आमचा काय अधिकार?"

"बरोबर हाये! पयले बाबा!" गर्दी गरजली. "घ्या बाबा, घ्या!"

बाबानं इकडंतिकडं पाह्यलं. मंग दोन्ही डोळ्यात ओतलं.

"अबे मेलो! पाणी! पाणी आणा!" तो जमिनीवर लोळाले लागला. "टाकीत साबण कोणं टाकला बे?"

"कोणत्या टाकीत, महाराज?" मी इचारलं.

मी पडदा ओढला अन् कूलरचा प्लग काढला. आईचा फेस थांबला. प्लग लावला, सुरू. काढला, थांबला. घागरीचं तोंड सिमेंटनं बुजवलं होतं अन् डोळ्याईले ड्रिलनं भोकं पाडली होती. पाण्याले दुसरी वाटच नव्हती. टाकीचं झाकण उघडलं तर फेसाखाली हिरवं शेवाळ, वळवळ करणाऱ्या अळ्या अन् एक फुगलेली मेलेली पाल.

ताईनं वाकून पाह्यलं अन् तिथंच ओकली.

रिक्षा करून मी तिले दवाखान्यात नेलं. तिचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर सुहासिनीबाईनं डोळा धुतला अन् म्हटलं, "आणखी दोन दिवस गेले असते तर डोळाच काढावा लागला असता." डोळा राह्यला. पण बारीक सुईत धागा ओवता येत नाई तिले. थे नजर त्या पळीत गेली.

वापस आलो तं बाबा चेल्यासंगं पसार. लोकं चश्म्याच्या ढिगात आपापला चश्मा चाचपडत होते, अन् चश्म्याशिवाय कोणालेच दिसत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी एक बाई त्याच कोरड्या डोळ्याच्या मूर्तीपुढं नारळ फोडून राहिली होती. मले किळस आली.

ताई म्हणे, "तू मले आधी काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं होतं, ताई."

"मंग मीच आयकलं नाई."

तिनं आयकलं नाई, कारण सांगणारा मस्करीखोर होता अन् लुटणारा भगवा. म्हणून सांगून राहिलो, माणूस कोण हाये हे पाहू नका, पडद्यामागं काय हाये हे पाहा. घरच्या कूलरचं पाणी तुमी डोळ्यात घालत नाई ना? मंग महाराजाच्या कूलरचं काहून घालता?