खुर्चीला वाटलेले पत्ते

"आई, टोबिन जिंकला तर पैसे कोण घेतं?"

हा प्रश्न विचारून दाखव, अशी पैज लिओना हॅस्केटशी तिच्या दोन मैत्रिणींनी लावली होती. मारिसेला म्हणाली होती, तू विचारणारच नाहीस, तुझी टरकते. पेजने तर आपलं नवंकोरं जॅकेट पणाला लावलं होतं. बेकर्सफील्डला शाळेच्या पायऱ्यांवर बसून ठरवताना सगळं कसं गमतीचं वाटत होतं. आणि लिओना आता काय कुणाला भिणारी होती होय? गेल्या वर्षापर्यंत हजेरीला सुद्धा ती पुटपुटायची. यंदा मात्र वादविवादाच्या संघात शिरली, फ्रेस्नोला जाऊन भल्याभल्यांना गप्प बसवून आली, आणि तेव्हापासून तिच्या जिभेला हाडच उरलं नव्हतं.

पण नीडल्स गाव ओलांडल्यावर, रखरखीत उन्हात, गाडीच्या मागच्या सीटवरून तिने प्रश्न विचारला आणि तिचाच आवाज तिला परका वाटला. बाबांचे हात स्टिअरिंगवर होते तसेच राहिले. आई रागावली नाही, दचकलीही नाही. उद्या जेवायला काय करू असा विचार करावा तसा तिने शांतपणे विचार केला.

"तो जिंकत नाही गं," आई म्हणाली. "तो टिकतो."

बाबांनी मान हलवली. लिओनाने जॅकेट जिंकलं होतं, पण तिला खिडकीची काच वर करावीशी वाटली. ती आधीच वर होती.

टोबिन तिचा मोठा भाऊ. त्याला जाऊन सात वर्षं झाली होती.

तेव्हा लिओना नऊ वर्षांची होती आणि टोबिनला नुकतीच एकवीस पूर्ण झाली होती, म्हणजे जुगाराच्या टेबलाशी बसायचं वय. आईबाबा दर उन्हाळ्यात आठवडाभर लाफलिन या जुगाराच्या गावी यायचे. नदीकाठचा 'पेलिकन लँडिंग' कॅसिनो हे त्यांचं ठरलेलं ठिकाण. दोघांना पोकरची हौस, पण खिसा बेताचा, म्हणून सकाळची चाळीस डॉलरची स्पर्धा खेळायची, हरलं तरी दुपारी नदीत होडीने फिरायचं, संध्याकाळी कुपनावर अर्ध्या दरात मांसाचा मोठा तुकडा चापायचा. अशी त्यांची साधीसुधी सुट्टी. त्या वर्षी टोबिनला पहिल्यांदा बरोबर बसवलं. मधल्या सुट्टीत तो उठला, जरा नदीत पाय भिजवून येतो म्हणाला, आणि गेला. ती नदी वरून सुस्त दिसते. वरच्या धरणातून पाणी सोडलं की बर्फासारखी गार होते आणि पायाखालची वाळू ओढून नेते.

मधली सुट्टी संपली. खेळ सुरू झाला. टोबिनच्या चिप्सचा, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्यांचा, ढीग जागेवर होता, आणि स्पर्धेत माणूस जागेवर नसला तरी पत्ते त्याला वाटतातच. वाटतात, उचलून घेतात, आणि प्रत्येकाला पाळीपाळीने लावाव्याच लागतात त्या चिप्स त्याच्या ढिगातून काढून मध्ये टाकतात. बाबांनी दोनदा दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, येईल, चिप्स इथेच आहेत ना त्याच्या. चिप्स टाकून कोण जातं? आईला ते पटलं. त्या टेबलावरच्या सगळ्यांना पटलं. चिप्स टाकून कधीच कुणी जात नाही. दोघं खेळत राहिली. ढीग झिजत झिजत शेवटच्या चिपेपर्यंत आला, तेव्हा आई उठली आणि नदीकडे धावली.

तेव्हापासून दर वर्षी त्याच आठवड्यात आईबाबा तीन जागांचे पैसे भरतात. दोन स्वतःच्या, एक टोबिनची. कार्डरूमचा कारभार बघणारी डोरीन त्या दिवशी पत्ते वाटत होती. ती मुकाट्याने त्याचं नाव लिहून घेते.

हे सगळं लिओनाला सवयीचं होतं. वर्षातून एक आठवडा, मग घर, शाळा, मैत्रिणी. यंदा मात्र बाबांनी निघायच्या आदल्या दिवशी वॉफलवर पाक ओतता ओतता सांगितलं होतं की नदीपल्याड बुलहेड सिटीत एक फिरतं घर मिळतंय. होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचं कामही मिळालंय. शुक्रवारी सह्या करायच्या. मग काय, रोज सकाळी पुलावरून 'पेलिकन लँडिंग'ला. रोज, म्हणाली आई, आणि तिच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की फ्रेस्नो गाजवून आलेल्या लिओनाच्या तोंडाला कुलूप लागलं. तिने फक्त पाक पुढे सरकवला होता.

आज गुरुवार होता, लाफलिनला येऊन चार दिवस झाले होते.

कॅसिनोत एकवीसच्या आतल्या पोरांनी फरशीवरून चालायचं, गालिच्यावर पाऊल टाकायचं नाही, आणि रेंगाळायचं तर मुळीच नाही. पण कॉफीच्या दुकानाशेजारच्या कठड्यापाशी लिओना उभी राहिली की पहारेकरी दुसरीकडे बघतो. ही कुणाची बहीण ते त्याला ठाऊक आहे. तिथून आईबाबांचं टेबल हाकेच्या अंतरावर होतं. बाहेर ऊन भाजून काढत होतं आणि आत इतका गारवा की खेळणाऱ्या म्हाताऱ्यांनी स्वेटर घातले होते. टेबलाशी आई, बाबा, चारपाच नेहमीचे चेहरे, आणि प्राणवायूची नळकांडी शेजारी घेऊन बसलेले एल्व्हिन आजोबा. त्या नळकांडीला त्यांनी आपल्या पहिल्या बायकोचं नाव दिलं होतं. दिवसभर कानाशी फुसफुसते, म्हणायचे, पण जगवते बिचारी.

आणि आईबाबांच्या मध्ये ती खुर्ची.

छतातून गार हवेचा झोत यायचा तो नेमका तिच्यावर. त्यामुळे ती खुर्ची हळूहळू फिरायची, कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी, दाराकडे तोंड करून थांबायची. डोरीन पायाने ती सरळ करायची आणि तिच्यापुढे दोन पत्ते टाकायची. पुन्हा खुर्ची दाराकडे. पुन्हा डोरीनचा पाय.

याआधी लिओनाने हा खेळ कधी नीट पाहिलाच नव्हता. कठड्याला टेकून फोन बघत असायची. आज तिने फोन खिशात ठेवला. पाळीच्या चिप्स खुर्चीच्या ढिगातून निघाल्या, आणि टेबलावरच्या एकेकाने पत्ते टाकायला सुरुवात केली. आईने आपले दोन पत्ते बघायला कोपरे उचलले तेव्हा मागून लिओनाला दिसलं. दोन एक्के. पोकरमध्ये याहून चांगलं हातात काही येत नाही. आईने ते शांतपणे पालथे घातले आणि डोरीनकडे सरकवून दिले. बाबांनीही टाकले. एल्व्हिन आजोबांनी तर बघितलेही नाहीत. इतर ठिकाणी गैरहजर माणसाचे पत्ते बादच होतात. पण डोरीनच्या टेबलावर सगळ्यांनी माघार घेतली की उरला तो जिंकला, मग खुर्चीत कुणी असो नसो. मधल्या चिप्स टोबिनच्या ढिगात गेल्या.

लिओना कठड्यावरून पुढे झुकली. म्हणजे तो टिकत नव्हता. त्याला टिकवत होते. सगळे मिळून.

सकाळ सरत गेली तसे एकमेकांशी खेळताना लोक हरून उठत गेले. बाबा हरले. मग आई हरली. दोघं घरी परतल्यासारखी हसत उठली आणि खुर्चीमागे जाऊन उभी राहिली, आई डाव्या बाजूला, बाबा उजव्या, फोटोला उभं राहावं तशी. लिओनाने त्यांना असं हसताना शेवटचं कधी पाहिलं होतं? फ्रेस्नोहून चषक घेऊन आली त्या दिवशी तर नक्कीच नाही. त्या दिवशी आई म्हणाली होती, छान, आणि भांडी विसळत राहिली होती.

शेवटी टेबलावर दोघंच उरले. एल्व्हिन आजोबा आणि खुर्ची.

आता खरं तर खेळ लवकर संपायला हवा होता. पण आजोबा भला माणूस. आपली पाळी आली की ते पत्ते टाकत, चिप्स खुर्चीकडे जात. खुर्चीची पाळी आली की डोरीन तिचे पत्ते उचलून घेई, चिप्स आजोबांकडे येत. इकडून तिकडे, तिकडून इकडे. कुणी हरत नव्हतं, कुणी जिंकत नव्हतं. अखेर आजोबांनी नळकांडीचा काटा पाहिला आणि सुचवलं की बक्षीस निम्मंनिम्मं वाटून घेऊ, आता बसवत नाही. छोट्या स्पर्धेत हे नेहमीचंच. फक्त उरलेल्या दोघांनी तोंडाने हो म्हणावं लागतं.

डोरीनने सवयीने खुर्चीकडे मान वळवली. "आणि तू रे, टोबिन?"

बोलल्यावर तिचं तिलाच कळलं असावं, कारण हातातला पत्त्यांचा जोड तिने घट्ट धरला. पलीकडे जुगाराच्या यंत्रांची किणकिण चालूच होती. नळकांडी फुसफुसत होती. खुर्ची हळूच फिरली.

"तो नाही म्हणतोय," बाबा म्हणाले.

थट्टेचा आवाज नव्हता तो. फोनवरचा निरोप पोचवावा तसं म्हणाले ते. आईने खुर्चीची पाठ थोपटली आणि म्हणाली, "त्याला अजून खेळायचंय."

आजोबांनी एकदा बाबांकडे पाहिलं. मग टेबलाला धरून उठले. "मग माझेही वाटत राहा, डोरीनबाई," म्हणाले. "मी जरा पडतो जाऊन. हिचा दम संपत आलाय." आणि बायकोच्या नावाची ती नळकांडी ओढत, चिप्स तशाच ठेवून, ते लिफ्टकडे गेले. चिप्स टाकून कुणी जात नाही म्हणे.

डोरीनने पत्ते पिसले. एक रिकामी खुर्ची, समोर दुसरी रिकामी खुर्ची. दोन पत्ते इकडे, दोन पत्ते तिकडे. थोडं थांबून चारही उचलले. चिप्स इकडून तिकडे सरकवल्या. पुन्हा पिसले.

भर दुपारी, इतक्या माणसांत, लिओनाला वाटलं की आपण नदीच्या तळाशी उभ्या आहोत आणि वर कुठेतरी हे सगळं चाललंय. टोबिनची तिला भीती वाटत नव्हती. टोबिन कुठे होता तिथे? वॉफलचे कडेचे कुरकुरीत तुकडे तिच्या ताटलीत टाकणारा, झोपेत खिदळणारा टोबिन त्या खुर्चीत कधीच नव्हता. भीती तिला त्या दोघांची वाटली. रोज सकाळी पूल ओलांडून येणाऱ्या, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या असलेल्या त्या दोघांची.

आईची नजर तिच्याकडे गेली. तिने हात हलवला, आणि इतक्या मायेने बोलली की लिओनाला रडूच आलं असतं.

"बघतेस ना, लिओना? आणखी पाच वर्षं. मग डोरीन तुझीही खुर्ची लावेल. त्याच्या शेजारीच."

बाबांनी शेजारची जागा हाताने दाखवलीसुद्धा.

लिओनाने मागे पाहिलं. पहारेकरी दुसरीकडे बघत होता. पण ती फरशीवरून हलली नाही. गालिच्यावर पाऊल टाकलं तर आपणही त्या फोटोत जाऊन उभ्या राहू, असं तिला वाटलं. तिने दोन्ही हातांनी कठडा धरला.  फ्रेस्नोच्या व्यासपीठावर तिला कशाचा आधार लागला नव्हता. तिथे फक्त अनोळखी लोकांना हरवायचं होतं.

"आई. बाबा. इकडे बघा. त्याच्याकडे नको, माझ्याकडे."

दोघांनी पाहिलं. डोरीनचे हात थांबले.

"उद्या तुम्हाला सह्या करायच्या तर करा. मी इथे राहायला येणार नाही. मी बेकर्सफील्डला ग्वेनमावशीकडे राहणार, माझ्याच शाळेत जाणार. आणि यापुढे उन्हाळ्यातही या खोलीत पाऊल ठेवणार नाही. मला भेटायचं असेल तर त्याला इथे ठेवून तुम्हाला माझ्याकडे यावं लागेल."