खूण कधी पुसायची

समजा, तुम्ही दापोड्याच्या एका गोदामाच्या फाटकावर पहारेकरी आहात. पहिल्या दिवशी शेठ सांगतात, गाडी आली की कागद बघ. सोपं आहे. दुसऱ्या दिवशी कुणी सांगतं, टायरही बघ. तिसऱ्या दिवशी आणखी कुणी म्हणतं, ताडपत्री बघ. जुनं काही सोडायचं नाही, नवं तेवढं धरत जायचं. वर्षभरात तुमच्या डोक्यात असे चारशे हुकूम जमले, आणि गाड्यांची रांग पार अंजूरफाट्याला जाऊन टेकली. आता सगळे तुम्हालाच आळशी म्हणू लागले, तर कसं वाटेल?

२००९ सालच्या मे महिन्यात दिपालीच्या कॉम्प्युटरचं अगदी असंच झालं होतं.

दिपाली औषधांच्या गोदामात कामाला होती. आधी चार वर्षं तिने उभ्याने लेबलं चिकटवली होती. मग क्लास लावून, परीक्षा देऊन ती कॉम्प्युटरच्या खुर्चीवर आली. गोदामातल्या प्रत्येक लॉटची एक ओळ, अशा अठरा हजार ओळी तिच्या एक्सेलच्या फाईलीत होत्या. औषधाची मुदत संपली की तारखेचा चौकोन आपोआप लाल व्हायचा, नाहीतर हिरवा. लाल माल गाडीत चढवायचा नाही. रंगाचा असा हुकूम एकदाच देऊन ठेवायचा असतो. त्याला नियम म्हणतात.

पण हल्ली एक ओळ खाली सरकवली की पडदा पांढरा पडायचा आणि वाळूचं घड्याळ फिरत बसायचं. चहा येऊन कप रिकामा झाला तरी ओळ जागची हलत नसे.

दुपारी गोदामाचे मालक केसरीनाथशेठ आले. ते ओरडले नाहीत.

"चारला गाडी सुटंल. तवर लाल मालाची यादी हातात न्हाय आली, तर उद्यापासून रजिस्टर काढू. आन् तू परत लेबलांवर."

दिपालीची मुलगी उन्नती शेजारच्या स्टुलावर बसून हे ऐकत होती. पाचवीची परीक्षा झाली होती आणि घरी कुणी नव्हतं, म्हणून ती आईबरोबर यायची. दिपालीने नियमांची यादी उघडली. यादी संपेचना. चारशे बारा नियम. सकाळच्या शिफ्टला कुणाला एखादा लॉट दाखवायचा असला की तो आपला रंग देई, संध्याकाळचा माणूस त्यावर आपला. ओळ कॉपी केली की तिच्यासोबत नियमही कॉपी होत. आणि जरा काही बदललं की कॉम्प्युटर ते सगळे पुन्हा तपासायला बसे.

जुने का काढत नाही, असं उन्नतीने विचारलं.

"दुसऱ्याची खूण आपण पुसत नाही," दिपाली म्हणाली.

गोदामाची ती रीतच होती. पेटी तपासणारा तिच्यावर खडूने खूण करी आणि खाली आपलं नाव लिही. काही चुकलं तर जाब त्याला. त्याची खूण पुसणं म्हणजे त्याचा जाब आपल्या गळ्यात घेणं. पेट्यांवरून कॉम्प्युटरवर आलेला प्रत्येकजण ही शिस्त सोबत घेऊन आला होता. दिपालीसुद्धा.

उन्नती उठून बाहेर गेली. अकलोलीकडचे राघोकाका हमालांचे मुकादम होते. वीस वर्षं त्यांच्या खिशात खडू होता. खूण कधीच पुसत नाहीत का, असं तिने त्यांना विचारलं.

"कॉम्प्युटरवालीची पोर खडूवाल्याला इचारते होय?" ते हसले. मग म्हणाले, "पेटीत माल हाय तवर न्हाय पुसायची. पेटी रिकामी झाली की पुसायची. रिकाम्या पेटीवर कसली खूण, बाय?"

उन्नतीने पळत येऊन ते आईला जसंच्या तसं सांगितलं. दिपालीने यादीवरून पुन्हा नजर फिरवली. बहुतेक सगळे नियम कधीच विकून गेलेल्या लॉटचे होते.

आधी तिने फाईलीची एक प्रत दुसऱ्या नावाने जपून ठेवली, म्हणजे कुणाची खूण हरवली असं व्हायला नको. मग पानावरचे सगळे नियम एकदम काढून टाकले. पान पांढरंफटक झालं. मग तारखांचा सबंध रकाना धरून तिने दोनच नियम दिले. पेट्या शिल्लक असतील आणि तारीख उलटली असेल, तर लाल. पेट्या शिल्लक असतील आणि मुदत बाकी असेल, तर हिरवा. लॉट संपला असेल, तर रंगच नाही.

तिने ओळी खाली ओढल्या. त्या सरसर पळाल्या.

तीन वाजून दहा मिनिटांनी लाल मालाची यादी छापून झाली. एकोणीस लॉट. त्यांतलं एक होतं लहान मुलांचं तापाचं औषध, बारा पेट्या. सकाळपर्यंत ते हिरवं दिसत होतं, कारण गेल्या वर्षी कुणीतरी तपासून त्याला हिरवा रंग दिला होता. तो नियम सगळ्यांत वर राहिला, आणि दोन नियमांत भांडण झालं तर वरचा जिंकतो.

त्या बारा पेट्या गाडीत चढल्या होत्या.

केसरीनाथशेठनी यादी दोनदा वाचली आणि पेट्या उतरवायला सांगितल्या. रजिस्टर कपाटातच राहू दे, एवढंच ते दिपालीला म्हणाले आणि घड्याळ बघत फोनकडे वळले.

पेट्या भिंतीशी रचून झाल्यावर राघोकाकांनी लाल खडू पुढे केला. दिपालीच्या दोन्ही हातांत कागद होते. उन्नतीने खडू घेतला, एकेका पेटीवर फुली मारली, बारा मोजल्या, आणि शेवटच्या फुलीखाली आपलं नाव लिहिलं.