अप्पांच्या चेहऱ्यावरचं तेज

अप्पा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी आमचं भांडण झालं ते चष्म्यावरून. सगळं घर उलटंपालटं केलं आणि चष्मा निघाला त्यांच्याच कपाळावर.

"कंडक्टर असताना प्रवासी असेच हरवायचात का?" मी म्हटलं.

"प्रवासी उतरून जातात गं. चष्मा कुठे जाणार?" म्हणत त्यांनी चपला घातल्या. दिवेवाल्या महाराजांची सभा होती. मीही निघाले, कारण सभेत बसून हल्ली त्यांचं डोकं फार दुखायचं.

सभागृह गच्च भरलं होतं. अप्पा सवयीने लोकांना आत सरकवत होते. आमच्या शहरात वीज जाणं रोजचंच, पण इथे वीज गेली की महाराज दोन्ही हात वर करत, "टाळी!" असं गर्जत, आणि टाळ्यांच्या कडकडाटात दिवे परत येत. बाहेर रस्ता काळामिट्ट, आत लख्ख उजेड. त्या दिवशीही तसंच झालं. बायका डोळे पुसू लागल्या.

"त्यांची वीज बिलावर चालते," महाराज म्हणाले, "आपली मनावर! टाळी थांबवू नका, प्रवाह तुटतो!"

"एकदा आमच्या गल्लीत येऊन टाळी वाजवा म्हणावं," मागून कुणीतरी पुटपुटलं. शेजारून बायकोचा चिमटा बसल्याचाही आवाज आला.

मंचामागे एक बंद दार होतं. त्याला 'शक्तिगृह' म्हणत. त्या दाराशी बसायला मिळणं हा मोठा मान. तिथे बसणाऱ्यांना गरगरायचं, मळमळायचं, झापड यायची. "शक्ती अंगात शिरतेय," महाराज सांगत. मागे बसणाऱ्यांना काहीच होत नसे, त्यामुळे ते बिचारे स्वतःला पापी समजत.

अप्पा दाराशी बसत. घरी परतताना त्यांनी मोकळ्या हवेत दोन-चार मोठे श्वास घेतले. "बाहेर आलं की डोकं उतरतं. चष्म्याचा नंबर वाढला असणार." मग हळूच, शाळकरी पोरासारखं म्हणाले, "उद्या मला शक्तिगृहाला लागूनची कोठडी मिळालीय ध्यानाला. धाकट्याने शब्द टाकला माझ्यासाठी."

धाकटा म्हणजे माझे काका. त्यांचं बाजारात विजेच्या सामानाचं दुकान आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून वीज नव्हती. संध्याकाळी कोठडीचं दार उघडलं तेव्हा अप्पा भिंतीला टेकून बसलेले होते. गेलेले. पण चेहरा गुलाबी, गाल तर तरण्या माणसासारखे. महाराजांनी आवंढा गिळायलाही वेळ घेतला नाही. "समाधी! तेज बघा तेज!" लोकांनी रांग लावली. माझ्या वडिलांना बघायला रांग, आणि मला त्यांच्याजवळ जायला जागा नाही.

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र रांग मोडली. रक्त तपासायचं म्हणून अडून बसल्या. नंतर मला दवाखान्यात बोलावून म्हणाल्या, "रक्तात कार्बन मोनॉक्साइड आहे. इंजिनाच्या धुरातला वायू. रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायूची जागा तोच अडवतो आणि रक्त लालभडक करतो. ते तेज नव्हतं, बाळ. इंजिन कुठे चालू होतं ते शोध."

मला शोधायला लांब जावं लागलं नाही; वीज नसताना दिवे लागत ते एकाच ठिकाणी. 'शक्तिगृह, मागचं दार' अशी चिठ्ठी बांधलेली किल्ली काकांच्या दुकानात खिळ्याला टांगलेली होती. मी ती काढली. काकांनी पाहिलं आणि वायरचं भेंडोळं उगाच पुन्हा गुंडाळायला घेतलं.

आत जनरेटर होता. वीज गेली की आपोआप सुरू होणारा. खिडकी विटांनी बुजवलेली, दाराच्या फटीत गोधड्या कोंबलेल्या. धुराचा नळ त्याच खोलीत संपत होता आणि त्याच्या समोर, काजळीने काळा झालेला झरोका. झरोक्यापलीकडे कोठडी. यंत्राच्या अंगावर चित्र होतं: घरात जनरेटर, वर लाल फुली. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं म्हणून काढलेलं. शेजारी बॅटरी, बंद खोलीतच चार्जिंगला लावलेली. तिचा आंबूस वास कोंडला होता. स्विचच्या पेटीवर काकांच्या दुकानाचं लेबल.

"आवाज बाहेर जाऊ नये म्हणून महाराजांनी खिडकी बुजवायला लावली," माझ्या मागोमाग आलेले काका म्हणाले. "मी बजावलं होतं, धूर बाहेर काढा म्हणून."

"मग कोठडीसाठी अप्पांचं नाव का दिलंत?"

त्यांनी पेटीवरच्या लेबलावर तळहात ठेवला. म्हणाले, "झालं ते झालं. घरातलं घरात राहू दे."

आणि मी राहू दिलं. आत्याचे दोनच भाऊ. एक गेला होता. दुसराही कोणत्या तोंडाने हिरावून घेऊ?

मग अप्पांच्या स्मरणार्थ सभा ठरली आणि महाराजांनी जाहीर केलं: कोठडीचा मान आता बहिणीला. आत्या हरखली. काका तिच्या शेजारीच उभे होते. या वेळी त्यांनी शब्द टाकला नव्हता. पण तिला अडवलंही नाही.

सभेच्या दुपारी मी आणि डॉक्टरीणबाई मागच्या दाराने गेलो. दार सताड उघडून बाहेरच थांबलो. हवा खेळू दिली, मग चार्जर बंद केला आणि बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून बाजूला बांधून ठेवली.

संध्याकाळी वीज गेली. महाराजांचे हात वर गेले. "टाळी!"

टाळ्या कडाडल्या. अंधार तसाच.

"जोरात! श्रद्धा कमी पडतेय!"

लोकांचे हात लाल झाले असतील. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "महाराज, फ्यूज गेला का बघता जरा?"

कुणीतरी फस्सकन हसलं.

"सभेत कुणीतरी शंका आणलीय," महाराज म्हणाले, "म्हणून प्रकाश रुसलाय!"

मी टॉर्च लावला आणि पाना वर धरला. "प्रकाश रुसला नाही. बॅटरीची तार मी सोडवलीय. बॅटरी नाही तर इंजिन सुरू होत नाही, आणि इंजिन नाही तर यांचा चमत्कार होत नाही. तुमच्या टाळ्या फक्त त्याचा आवाज लपवत होत्या."

शक्तिगृहाच्या दाराला महाराजांचे दोघे चेले आडवे उभे होते. लोकांनी त्यांना बाजूला सारून दार उघडलं. जनरेटर सगळ्यांनी पाहिला. डॉक्टरीणबाईंनी गरगरण्याचा, मळमळीचा आणि त्या गुलाबी गालांचा अर्थ सांगितला. तेवढ्यात महाराज मंचावरून दिसेनासे झाले. वहाणा मात्र राहिल्या.

"यंत्राचा दोष नाही," मी म्हणाले. "जनरेटर उघड्यावर ठेवा, दाराखिडक्यांपासून लांब. धूर घरात शिरणार नाही असा सोडा. बॅटरीला हवा लागू द्या, तिच्याजवळ ठिणगी नको. आणि जिथे बसून डोकं दुखतं आणि बाहेर आल्यावर उतरतं, तिथे देव शोधू नका, धूर शोधा. बंद दार दिसलं तर हात जोडण्याआधी विचारा, आत काय आहे?"

आत्या काजळलेल्या झरोक्यावर बोट फिरवत होती. काळं झालेलं बोट तिने पदराला पुसलं नाही.

"दादा याच्या पलीकडे बसला होता," ती म्हणाली. "हे बसवलं तरी कुणी?"

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी किंचित मान हलवली. नको, म्हणून.

"काकांनी, आत्या," मी म्हणाले. "धूर कुठे जातो हे त्यांना माहीत होतं. आणि अप्पांना तिथे त्यांनीच बसवलं."