काळुराम जेवला

“कोंबडा कापू नको आये,” सहदेव दारात आडवा उभा राहून बोलला. “पावना जेवला तं सोयरीक मोडली. नाय जेवला तं कोंबडा फुकट मेला. दोनी अंगांनी आपलंच नुकसान.”

“तुला येवढी अक्कल हाय तं आतापरत बिनबायकोचा कसा रायलास?” हौसाबाईनं लेकाच्या हातातला कोंबडा हिसकावून घेतला. “चांगलंचुंगलं रांधायचं नि पावन्यानं त्याला हात लावू नये म्हनून देवाला साकडं घालायचं. पोराच्या आयशीच्या नशिबात आसंच असतं.”

मलंगगडामागच्या त्या डोंगरवाडीची रीतच तशी होती. मुलीचा बाप घर बघायला आला की त्याच्यापुढं पान वाढायचं. घर पसंत पडलं तर तो पानाला हात जोडून उठायचा, कारण लेकीच्या घरचं अन्न बाप खाणार कसा? आणि जेवला, तर समजून घ्यायचं की त्याची लेक या घरात येत नाही. तोंडानं ‘नाही’ म्हणायची पाळीच येत नसे. मोठी सभ्य रीत, पण चुलीपाशी बसलेल्या बाईच्या जिवाला घोर लावणारी. हौसाबाईच्या घरी याआधी दोन बाप पोटभर जेवून, हात धुऊन, रामराम करून गेले होते.

त्यांचं तरी काय चुकलं म्हणा! कारवीच्या कुडाला पडलेली भोकं तिनं शेणमातीनं बुजवली होती, पण छपर तोलणारा मधला खांब, मेढ, वाळवीनं आतून खाल्ली होती आणि तिला आंब्याच्या फांदीचा टेकू लागला होता. पूर्वी दोन माणसं रानात जात आणि दिवस मावळायच्या आत नवी मेढ उभी करत. आता सरकारनं रानाला हद्दीचे दगड पुरले होते. आतला साग सोडा, कारवीची काडी मोडली तरी शिपाई कोयता काढून घेई. राबाचंही तेच. भाताचं बी टाकायच्या जागी फांद्या-पाला जाळावा, तर रोप जोमानं येतं. फांदी तोडायचीच बंदी, मग राब भाजणार कशाचा? गेल्या साली रोपं पिवळी पडली, कणगी निम्मीही भरली नाही. वाडीतली दोन घरं शहाडच्या अंगाला माती उपसायला निघून गेली आणि त्यांची छपरं बसली. हौसाबाईच्या कणगीच्या तळाशी जे तांदूळ उरले होते, ते आज चुलीवर होते.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा शेजारचा दगडू पाहुण्याला घेऊन आला. सोयरीक जमवायची हौस दगडूला भारी, आणि जिभेला हाड नाही. “घर बघ काळुरामदादा! बारा कोसांत नाय आसं घर!”

काळुराम वाळका, उंच माणूस. तो हसला नाही. त्यानं कूड अंगठ्यानं दाबून बघितला, छपराकडं मान वर केली, मग मेढीवर मूठ आपटली. भुसा खाली सांडला. हौसाबाईनं डोळेच मिटून घेतले.

“मेढ गेलीय,” काळुराम बोलला.

“गेलीय,” सहदेव म्हणाला. “नवी आनाची तं चोरी कराय लागंल. मी टेकू लावलाय. पावसाळा काढंल. फुडचं आज सांगत नाय.”

काळुरामनं तळव्यावरचा भुसा झटकला. मग दगडूला म्हणाला, “पोरगा खोटं बोलत नाय. माजी पोर मालन नांदंल इथं.”

हौसाबाईच्या काळजात लख्ख उजेड पडला. तिनं पान मांडलं, भाताचा ढीग घातला, रस्सा वाढला आणि कुडाशी जाऊन उभी राहिली. काळुरामनं पानासमोर बसून हात जोडले. भाताची वाफ त्याच्या तोंडावर आली. जोडलेले हात तसेच राहिले, मग सुटले, आणि त्यानं भातात हात घातला. रस्सा कालवायचीही वाट न बघता तो कोराच भात खाऊ लागला.

“अरे दादा, काय करतंस?” दगडू ओरडला.

सहदेव उठून बाहेर गेला. हौसाबाईच्या ओठांवर शिव्या आल्या. घर पसंत म्हणतोस आणि वर जेवतोस? पण तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. माणूस खाता खाता रडत होता.

“वैनी, चुकलं माजं,” घास गिळून तो म्हणाला. “पोर द्यायची म्हनूनच आलेलो. पन होळीपासून भात बघितला नाय. आमी कंद उकडून खातो. मालन आपल्या वाटचं धाकट्या भावांना देते नि पानी पिऊन निजते. वास आला नि मला काय सुदरलं नाय. आता जेवून बसलो. आता कुठल्या तोंडानं पोर देऊ? लोक बोलतील, बापानं भातावर पोर विकली.”

दगडूनं बघितलं म्हणजे दिवेलागणीला वाडीत डंका, हे हौसाबाई ओळखून होती. तिनं पळी उचलली आणि पानात आणखी भात वाढला.

“जेव. नि वैनी नको बोलू, ताय बोल. माजा पाठचा भाऊ देवी येऊन गेला, तवापासून माज्या म्हायेरचं कोन या घरात जेवलं नाय. आज तू जेवलास. भावानं बहिनीकडं जेवाला कुठली रीत आडवी येते? सांग रे दगडू.”

दगडूनं डोकं खाजवलं. “नाय येत.”

“नि मामाची पोर भाच्याला करतात का नाय?”

“ती तं पयली हक्काची!”

“मग झालं तं.”

ठाण्याच्या वकिलालाही सुचली नसती अशी वाट त्या अडाणी बाईनं काढली होती. काळुरामनं मान खाली घातली. “ताय,” एवढंच तो म्हणाला, आणि आता रस्सा कालवून सावकाश जेवला.

निघताना तिनं उरलासुरला भात पळसाच्या पानांत बांधून मालनसाठी त्याच्या हाती दिला. पाहुणा उतरणीला लागल्यावर सहदेव आत आला. त्यानं मडक्यात डोकावून बघितलं.

“आये, आता आपन काय खायाचं?”

“तुजा सासरा खातो त्येच. उजेड हाय तवर कंद खनून आन.” हौसाबाईनं मडकं पालथं घातलं. “नि तिघांपुरते आन. आतापासनं हाताला सवय होऊ दे.”

सहदेवनं कोपऱ्यातली कुदळ उचलली आणि तो निघाला.